पाण्यापर्यंतची वाट

कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिना शहरात ब्रुकसाइड नावाचा पोहण्याचा सार्वजनिक तलाव होता. १९३०च्या दशकात तो गोऱ्यांसाठी राखलेला असे. काळे, मेक्सिकन, जपानी, चिनी, कोरियन अशा सगळ्या ‘इतरां’ना मिळून आठवड्यातला एक दिवस दिलेला होता. तो दिवस संपला की तलावातलं पाणी सोडून द्यायचं, नवं भरायचं, मग गोऱ्यांची मुलं पुन्हा उतरणार. सॅमी ली यांनी ही हकिगत आयुष्यभर सांगितली, कारण त्या एका दिवसावर सराव चालवणाऱ्या मुलांपैकी ते एक होते. पुढे १९४८ साली लंडनला आणि १९५२ साली हेलसिंकीला दहा मीटर प्लॅटफॉर्म डायव्हिंगचं ऑलिंपिक सुवर्णपदक त्यांनी मिळवलं. लागोपाठच्या दोन ऑलिंपिकमध्ये हे पदक मिळवणारे ते पहिले पुरुष.

मराठी वाचकाला पाणी बदलण्याचा हा प्रकार कळायला वेगळं काही सांगावं लागत नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे हजारो लोक महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायले. तळं नगरपालिकेचं होतं आणि नगरपालिकेनेच ते सर्वांना खुलं केलं होतं. तरी सवर्णांनी पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून तळं ‘शुद्ध’ करून घेतलं आणि पुढे नगरपालिकेनेही आपला ठराव मागे घेतला. वाद न्यायालयात गेला आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ साल उजाडलं. त्या वर्षी सॅमी ली सोळा-सतरा वर्षांचा होता आणि पॅसाडिनाच्या तलावावर आपला वार कधी येतो याची वाट बघत होता. माणसाच्या अंगाने पाणी बाटतं, ही समजूत कोकणातल्या एका गावात आणि कॅलिफोर्नियातल्या सुधारलेल्या शहरात एकाच काळात, एकमेकांची काडीचीही माहिती नसताना, सारख्याच नेटाने पाळली जात होती.

म्हणून सॅमी ली यांचं हे चरित्र मराठीत यावं असं मला फार वाटत होतं. वरवर पाहता ते एका दूरच्या माणसाचं आणि आपल्याकडे फारसं कुणी न बघणाऱ्या खेळाचं आहे. आत मात्र पाण्यापाशी कुणाला येऊ द्यायचं, हा आपल्याच घरातला प्रश्न आहे.

खेळाविषयी आधी थोडं सांगते, कारण त्याशिवाय पुढची प्रकरणं निव्वळ पदकांची यादी वाटतील. डायव्हिंगचे ऑलिंपिकमध्ये दोन मुख्य प्रकार आहेत. तीन मीटरवरच्या स्प्रिंगबोर्डची फळी दबते आणि उसळी देते. दहा मीटरवरचा प्लॅटफॉर्म हलत नाही. तिथे जे काही करायचं ते पायांच्या जोरावर. दहा मीटर म्हणजे साधारण तिसऱ्या मजल्याची गच्ची. नुसतं टपकन पडलं तरी पाण्यापर्यंत पोचायला १.४ सेकंद लागतात आणि पाण्याला टेकताना वेग ताशी ५० किलोमीटरच्या आसपास असतो. त्या वेगाला पाणी मऊ राहत नाही. हात जरा चुकीच्या कोनात पडले तर मनगटं आणि खांदे जातात, पाठ किंवा पोट आडवं आपटलं तर अंगावर काळेनिळे वळ उठतात. कानाच्या पडद्यावर आणि डोळ्याच्या आतल्या पडद्यावर वर्षानुवर्षं मार बसतो तो वेगळाच.

सॅमी ली यांनी लंडनच्या अंतिम फेरीत शेवटी मारलेला सूर पुढच्या बाजूला साडेतीन कोलांट्यांचा होता. त्यात काय काय घडतं ते सावकाश बघू. कडेवरून उंच उडी घेताना हात जोरात खाली झुगारायचे, त्याने फिरकी मिळते. लगेच गुडघे छातीशी ओढून नडग्या हातांनी घट्ट आवळायच्या. अंग जितकं लहान, तितकी फिरकी जलद. नडग्या ओल्या असतील तर हात सटकतात, म्हणून आजचे डायव्हर वर जाताना एक छोटं फडकं बरोबर नेतात आणि उडीआधी पाय कोरडे करतात. मग एक कोलांटी, दुसरी, तिसरी. प्रत्येक फेरीत डोळे पाणी शोधतात. तलाव अगदी निवांत असेल तर वरून पाण्याचा पृष्ठभाग दिसतच नाही, म्हणून स्पर्धेच्या वेळी त्यावर पाण्याचे फवारे सोडून तो हलता ठेवतात. साडेतिसऱ्या फेरीला अंग एकदम ताणायचं, फिरकी मंदावते, आणि हात डोक्यावर एकमेकांत अडकवून तळवे पाण्याकडे सपाट धरायचे. बोटांच्या टोकांनी पाणी कापायचं असतं असा आपला समज असतो. प्रत्यक्षात सपाट तळवा पाण्यात खड्डा करतो आणि मागचं सगळं शरीर त्या खड्ड्यातून आत जातं. जमलं तर कापड टराटरा फाटावं तसा आवाज येतो आणि पाणी उडत नाही. हे सगळं उडी धरून जेमतेम पावणेदोन सेकंदांत.

गुण देण्याची आजची रीतही सांगून टाकते. वैयक्तिक स्पर्धेत सात परीक्षक शून्य ते दहा गुण देतात. वरचे दोन आणि खालचे दोन वगळायचे, उरलेल्या तिघांची बेरीज करायची आणि तिला त्या सुराच्या अवघडपणाच्या आकड्याने गुणायचं. तिघांनी प्रत्येकी ८ दिले आणि अवघडपणा ३.२ असेल तर ७६.८. पुरुषांना असे सहा सूर असतात, बायकांना पाच. एक सूर बिघडला की बाकीच्या पाचांनी ते नुकसान भरून निघणं कठीण. सगळी कारकीर्द मोजली जाते ती अशा काही सेकंदांवर, आणि त्या सेकंदांच्या मागे हजारो वेळा चढलेल्या पायऱ्या असतात.

आता त्या मुलाकडे येऊ. सॅमी ली यांचा जन्म १ ऑगस्ट १९२०चा, कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो गावचा. आईवडील कोरियातून आलेले. १९३२ साली लॉस एंजेलिसला ऑलिंपिक भरलं तेव्हा शहरभर लागलेले झेंडे बघून बारा वर्षांच्या सॅमीने वडिलांना विचारलं, हे कशासाठी? वडिलांनी सांगितलं. पोराने तिथल्या तिथे ठरवून टाकलं की आपणही एक दिवस ऑलिंपिक जिंकायचं. कशात, हे ठरायला थोडा वेळ लागला. उंची पाच फुटांहून थोडीच जास्त, बाकीच्या मैदानी खेळांत ती आड येणारी. हवेत कोलांटी मारताना मात्र तेच लहान अंग कामी येतं. वडिलांच्या डोक्यात वेगळंच होतं. पोराने डॉक्टर व्हावं, ही त्यांची इच्छा. या चरित्रातला बराचसा ताण या दोन इच्छांचा आहे, आणि गंमत अशी की दोन्ही पुऱ्या झाल्या.

शाळेत तो विद्यार्थी मंडळाचा अध्यक्ष निवडून आला. त्या शाळेतला पहिला बिगरगोरा अध्यक्ष. शाळेचा निरोपाचा नाच ज्या सभागृहात होता तिथे मात्र त्याला जाता येईना, कारण तिथे गोऱ्यांखेरीज कुणाला प्रवेश नव्हता. पुण्याच्या वाचकाला इथे दलित क्रिकेटपटू पालवणकर बाळू आठवल्याशिवाय राहणार नाहीत. त्यांची डावखुरी फिरकी पुण्याच्या हिंदू संघाला हवी होती, त्यांच्या जोरावर सामने जिंकायचे होते. चहाच्या वेळेला मात्र त्यांना पॅव्हेलियनच्या बाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा. गुण हवेत, माणूस नको, ही तडजोड खेळाच्या जगाने फार ठिकाणी आणि फार सहज केलेली आहे.

आठवड्याच्या एका दिवसावर कुणी ऑलिंपिकला जात नाही. जिम रायन नावाचे एक प्रशिक्षक सॅमीला भेटले आणि त्यांनी आपल्या घरामागच्या अंगणात खड्डा खणला, त्यात वाळू भरली आणि वर फळी बसवली. तलाव बंद असेल त्या दिवशी सॅमी वाळूत उड्या मारायचा. वाळूत डोक्यावर पडता येत नाही, म्हणून पायांवर उतरायचं. पण उडी कशी घ्यायची, अंग कधी आवळायचं, कधी सोडायचं हे सगळं तिथे घटवता आलं. आजही डायव्हर पाण्याबाहेर ट्रॅम्पोलिनवर आणि फोमच्या खड्ड्यात तासन्‌तास घालवतात. सॅमीचा खड्डा मात्र सोय म्हणून नव्हता. पाणी मिळत नव्हतं म्हणून ती वाळू होती.

या प्रसंगावर माझा जीव अडकलेला आहे आणि इथेच मला या चरित्राच्या वाचकांशी थोडं आग्रहाने बोलायचं आहे. मराठीत खेळाडूंची चरित्रं ‘जिद्दीची कहाणी’ म्हणून वाचायची सवय आपल्याला लागली आहे. अडथळे आले, नायकाने ते ओलांडले, म्हणून तो घडला, असा हिशेब आपण मांडतो आणि नकळत त्या अडथळ्यांचेच आभार मानतो. सॅमी लीची गोष्ट तशी वाचू नये. पॅसाडिनाच्या तलावाने त्यांना घडवलं नाही. त्या तलावाने त्यांची वर्षं खाल्ली. त्या एका दिवशी त्याच पाण्यात त्यांच्याबरोबर उतरणारी कितीतरी काळी, मेक्सिकन, जपानी मुलं असतील. त्यांना रायन भेटले नाहीत, त्यांच्यासाठी कुणी अंगणात वाळू भरली नाही. त्यांच्यातलं कोण काय झालं असतं, हे कुणालाही कधीच कळणार नाही. एका माणसाने भिंत चढून दाखवली म्हणजे भिंत बरोबर होती असं होत नाही.

१९४२ साली ली यांनी अमेरिकेचं राष्ट्रीय विजेतेपद स्प्रिंगबोर्ड आणि प्लॅटफॉर्म दोन्हींत मिळवलं. वय बावीस, ऐन उमेदीचं. पण महायुद्धामुळे १९४० आणि १९४४ची ऑलिंपिक झालीच नाहीत. दरम्यान वडील गेले. ली वैद्यकीय शिक्षणात गुंतले आणि १९४७ साली डॉक्टर झाले. लंडनला पोचले तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचे होते, सैन्यात डॉक्टर होते, आणि डायव्हिंगच्या हिशेबाने वय उतरणीला लागलेलं. तिथे त्यांनी प्लॅटफॉर्मचं सुवर्ण घेतलं आणि स्प्रिंगबोर्डचं कांस्य. त्याच स्पर्धेत, त्यांच्या सुवर्णाच्या दोनच दिवस आधी, त्यांची मैत्रीण विकी ड्रेव्हज हिने स्प्रिंगबोर्डचं सुवर्ण मिळवलं होतं, पुढे प्लॅटफॉर्मचंही. विकीचे वडील फिलिपिनो. सरावाला तलाव मिळावा म्हणून तिला वडिलांचं आडनाव झाकून आईचं इंग्रजी आडनाव लावावं लागलं होतं. लंडनच्या तलावावर त्या आठवड्यात अमेरिकेचा झेंडा कुणासाठी चढत होता, हे पॅसाडिनाच्या तलावाच्या व्यवस्थापकांनी वर्तमानपत्रात वाचलंच असेल.

हेलसिंकीचं सुवर्ण ली यांच्या बत्तिसाव्या वाढदिवसाचं. १ ऑगस्ट १९५२. मेक्सिकोचा होआकिन कापिया दुसरा आला, जो पुढे १९५६ साली जिंकला. त्यानंतर मेजर ली कोरियात सैन्याचे डॉक्टर म्हणून गेले, आईवडिलांनी सोडलेल्या देशात. १९५३ सालचा सलिव्हन पुरस्कार, अमेरिकेतल्या हौशी खेळाडूंचा सर्वोच्च सन्मान, त्यांना मिळाला.

आणि १९५५ साली त्यांना घर मिळेना. ऑरेंज काउंटीत गार्डन ग्रोव्ह भागात घर घ्यायला ते गेले आणि विकणाऱ्यांनी एकदा नाही, दोनदा नकार दिला. कारण एकच, वंश. दोन ऑलिंपिक सुवर्णं, डॉक्टरकी, सैन्यातला हुद्दा, राष्ट्रीय पुरस्कार, यातलं काहीही त्या दारात उपयोगी पडलं नाही. बातमी छापून आली, देशभर गाजली आणि मग घर मिळालं. माझ्या मते या चरित्राचं सर्वांत महत्त्वाचं प्रकरण हे आहे, आणि मुलांना वाचायला देताना मोठ्यांनी ते गाळू नये. पुण्यात भाड्याचं घर शोधताना आडनाव विचारलं जातं, हे ज्याने अनुभवलं आहे त्याला हे प्रकरण समजावून सांगावं लागणार नाही.

ली कानाचे डॉक्टर झाले. स्वतःचे कान पाण्याला दिलेल्या माणसाने हा विषय घ्यावा यात मला मोठं समाधान वाटतं. दवाखाना सांभाळून त्यांनी डायव्हर घडवले. बॉब वेबस्टर याने १९६० आणि १९६४ची प्लॅटफॉर्मची सुवर्णं घेतली, म्हणजे गुरूने केलेला पराक्रम शिष्याने पुन्हा केला. १९७१ साली एका कुमार स्पर्धेत त्यांनी अकरा वर्षांचा ग्रेग लुगानिस बघितला. सामोअन वंशाचा, दत्तक घेतलेला, शाळेत मुलांकडून छळ सोसलेला मुलगा. ली यांनी त्याला आपल्या घरी ठेवून तयार केलं आणि १९७६ साली माँट्रियलला सोळाव्या वर्षी त्याने प्लॅटफॉर्मचं रौप्य मिळवलं; सुवर्ण इटलीच्या क्लाउस दिबियासीचं, सलग तिसरं. पुढे दुसऱ्या प्रशिक्षकाकडे गेलेल्या लुगानिसने १९८४ आणि १९८८ साली दोन्ही प्रकारांतली सुवर्णं घेतली. १९८८ला सोलमध्ये त्याचं डोकं स्प्रिंगबोर्डवर आपटून टाके पडले होते, आणि प्लॅटफॉर्मच्या शेवटच्या सुराआधी तो चीनच्या चौदा वर्षांच्या श्योंग नीच्या मागे होता. तो १.१४ गुणांनी जिंकला. तो शेवटचा सूर उलट दिशेच्या साडेतीन कोलांट्यांचा; त्याचं नाव डायव्हर मंडळी भीतीने उच्चारतात. १९८३ साली एडमंटनला विद्यापीठांच्या जागतिक स्पर्धेत तोच सूर मारताना सोव्हिएत डायव्हर सर्गेई शालिबाश्विली याचं डोकं प्लॅटफॉर्मवर आपटलं आणि त्यात तो गेला. लुगानिस तेव्हा त्याच स्पर्धेत होता.

आता आपल्याकडचं. १९५१ साली दिल्लीला भरलेल्या पहिल्या आशियाई स्पर्धेत के. पी. ठक्कर यांनी स्प्रिंगबोर्ड आणि प्लॅटफॉर्म दोन्हींत सुवर्ण मिळवलं होतं. म्हणजे ली यांच्या दोन सुवर्णांच्या मधल्या काळात आशियाचा अव्वल डायव्हर भारतीय होता. त्यानंतर आशियाई स्पर्धेत डायव्हिंगचं सुवर्ण भारताच्या वाट्याला आलेलं नाही. दरम्यान चीनने हा खेळ जवळजवळ आपला करून टाकला. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये डायव्हिंगची आठच्या आठ सुवर्णं त्यांची होती.

आपल्या मुलांना उंचीवरून पाण्यात उडी मारण्याचं वावडं नाही. खेड्यातली पोरं विहिरीच्या काठावरून सूर आणि मुटके मारतच मोठी होतात. मुठेला पूर आला की लकडी पुलावरून उड्या घेणारी पोरं हा पुण्याच्या पावसाळ्यातला जुना देखावा. हे धाडस स्पर्धेपर्यंत न्यायला दहा मीटरचा टॉवर लागतो, त्याखाली पाच मीटर खोल पाणी लागतं, काठावर प्रशिक्षक लागतो. पुण्यात अशी सोय १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेल्या बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात आहे. सोलापूरसारख्या पाण्याच्या टंचाईशी कायम झगडणाऱ्या शहराने मात्र राज्याला डायव्हर दिले. २०२२ साली राजकोटला झालेल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेच्या डायव्हिंगमध्ये सुवर्णपदक मिळवणारी ऋतिका श्रीराम तिथलीच. ज्या गावात तलाव, शिकवणारा आणि शिकणारी मुलं एकत्र आली, तिथून खेळाडू आले. बाकी कुठलं गूढ त्यात नाही.

मी हे कर्वेनगरात बसून लिहिते आहे. हे एके काळचं हिंगणे, आणि दार बंद होण्याची गोष्ट या जागेचीही आहे. १८९३ साली विधवेशी लग्न केलं म्हणून धोंडो केशव कर्व्यांना त्यांच्या मुरूड गावाने वाळीत टाकलं. विधवांसाठी काढलेला आश्रम पुण्याच्या पेठांमध्ये नांदणं अवघड, म्हणून १९०० साली तो शहराबाहेर इथे माळावर झोपडीत आला. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवून अण्णा कर्वे पायी इकडे यायचे. पुढे १९४४ साली, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, त्यांनी समता संघ काढला. आज त्या माळावर मुलींच्या शाळा आणि अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. इथल्या मुलींना पोहायला शिकताना मी बघते. पहिल्यांदा खोल पाण्याच्या कडेला उभ्या राहतात तेव्हा पायाची बोटं कडेला घट्ट रुतवून उभ्या राहतात, आणि शिकवणारी बाई खालून हात पुढे करून म्हणते, “बघू नको गं, ये!”

या मुलींपैकी एखादीला दहा मीटरवर जायची इच्छा झाली तर तिच्या आईने काय करावं? कर्वेनगरहून बालेवाडीला शाळा सांभाळून रोज जायचं-यायचं, फी भरायची, आणि पोहण्याच्या पोशाखावरून नातेवाइकांची बोलणी खायची. तलावावर आता कुणी जात विचारत नाही, वारही वाटून दिलेला नाही. तरी पाण्यापर्यंतची वाट कुणाला जवळची आणि कुणाला लांबची आहे, हे आपल्याला माहीत आहे. महापालिकेच्या तलावाची वेळ, मुलींसाठी बाई प्रशिक्षक, बसचा पास, खोल पाण्याचा एक कोपरा: मागायच्या गोष्टी इतक्याच आहेत आणि त्या मागता येण्यासारख्या आहेत. हे चरित्र वाचून झाल्यावर एखाद्या पालकसभेत, एखाद्या प्रभागाच्या बैठकीत कुणी ही मागणी केली, तर मला ते कुठल्याही परीक्षणापेक्षा जास्त आवडेल.

डॉ. सॅमी ली २ डिसेंबर २०१६ रोजी, शहाण्णवाव्या वर्षी वारले. त्याआधी लॉस एंजेलिसमध्ये एका चौकाला आणि एका प्राथमिक शाळेला त्यांचं नाव दिलं गेलं होतं. पुढची प्रकरणं १९३२च्या त्या झेंड्यांपासून सुरू होतात. वाचकांनी घाई करू नये. वाळूच्या खड्ड्याचं प्रकरण आणि घराचं प्रकरण पाठोपाठ वाचावं, मधली पदकं नंतर वाचली तरी चालतील.

कर्वेनगर, पुणे